बिरोबाची आण आणि मतांची बेगमी

सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावजवळ आरेवाडी नावाचे छोटे गाव आहे. गाव छोटे असले तरी महाराष्ट्रातल्या आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या धनगरांना ते ठाऊक असते, कारण तिथे बिरोबाचे बन आहे. चैत्रातल्या यात्रेला मेंढरांमागे रानोमाळ फिरणारी माणसे इथे जमतात. ढोल घुमू लागतात, भंडाऱ्याच्या मुठी उधळल्या जातात, आणि तो पिवळा भंडारा पटक्यावर, घोंगड्यावर, पोरांच्या केसांत, मेंढरांच्या लोकरीत जाऊन बसतो. हा भंडारा कपाळाला लावून बोललेला शब्द खोटा मानत नाहीत. बांधाचा वाद असो की देण्याघेण्याचा, ‘उचल भंडारा’ म्हटले की खोटे बोलणाऱ्याचा हात अडखळतो. बेल-भंडारा उचलून वचन देण्याची ही रीत मराठेशाहीच्या राजकारणातही चालत असे. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर फिरले, त्यांच्या ओव्या आणि कथा त्यांनी टिपल्या आणि १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लिहित्या जगाने उशिरा दखल घेतलेले हे दैवत, पण त्याच्या माणसांनी मात्र त्याला कधी दूर मानले नाही. तो त्यांच्या कळपात, त्यांच्या पावसापाण्यात राहतो.

या दैवताचे नाव २०१९ मध्ये निवडणुकीच्या रणात उतरले.

धनगर आरक्षणाच्या आंदोलनातून पुढे आलेले आटपाडी तालुक्यातले नेते गोपीचंद पडळकर त्या वर्षी वंचित बहुजन आघाडीकडून सांगली लोकसभा मतदारसंघात उभे होते. समाजापुढे बोलताना त्यांनी बिरोबाची शपथ घातली. भाजपला मत द्यायचे नाही. उद्या आपल्या घरातले कोणी, अगदी आपण स्वतः त्या पक्षाकडून उभे राहिलो, तरीही द्यायचे नाही. त्यांना तीन लाखांवर मते पडली. भाजपचे संजयकाका पाटील निवडून आले, पण मेंढपाळांच्या वस्त्यांतून एवढी मते एका हाकेवर उभी राहिलेली पाहून सगळेच पक्ष चपापले. काही महिन्यांतच, सप्टेंबर अखेरीस, पडळकर भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये बारामतीतून अजित पवारांविरुद्ध कमळ चिन्हावर लढले. तिथे पवार १ लाख ६५ हजारांच्या मताधिक्याने जिंकले, पडळकरांची अनामत जप्त झाली. शपथेची ती चित्रफीत तेव्हा घराघरातल्या मोबाइलवर फिरली. पुढे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि २०२४ मध्ये जतमधून विधानसभेवर.

पक्ष बदलणे महाराष्ट्राला नवे नाही, आणि इथला मुद्दा पक्षबदलाचा नाहीच. पक्ष बदलताना नेत्याला आपल्या शब्दाचा हिशेब कार्यकर्त्यांशी आणि मतदारांशी चुकता करावा लागतो. तो माणसामाणसांतला व्यवहार आहे. इथे मात्र मध्ये देव उभा केला होता. ज्या म्हाताऱ्या बाईने सभेत हात वर करून बिरोबाचे नाव घेतले, तिने पुढच्या निवडणुकीत काय करायचे? शपथ पाळावी तर आपल्याच माणसाविरुद्ध मत जाते, आणि मोडावी तर बिरोबाचा कोप. नेत्याला नवा पक्ष मिळाला, उमेदवारी मिळाली. शपथेचा भार मात्र जिने श्रद्धेने घेतली तिच्या पदरात राहिला. आपल्या राजकारणातल्या धर्माच्या वापराचे हे सगळ्यात उघडेवाघडे रूप आहे. त्याची चर्चा ‘नेत्याने शब्द फिरवला’ एवढ्यावरच थांबली, याचे दुःख वाटते.

त्या गर्दीमागची वेदना खरी होती, हेही सांगितले पाहिजे. धनगर समाजाला भटक्या जमातींच्या यादीत साडेतीन टक्के आरक्षण आहे. मागणी अनुसूचित जमातीत समावेशाची आहे. २०१४ च्या निवडणुकीआधी बारामतीतल्या उपोषणस्थळी देवेंद्र फडणवीसांनी सत्ता आल्यावर पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णयाचे आश्वासन दिले होते. घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातींच्या यादीत नाव घालायचे किंवा काढायचे ते संसदेने. राज्याच्या मंत्रिमंडळाला तो अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ही मागणी करणाऱ्या याचिका फेटाळल्या. प्रश्न यादीचा, पुराव्याचा आणि दिल्लीतल्या कायद्याचा होता. जो शब्द राज्य सरकारने देता कामा नये होता तो दिला गेला, तो मोडल्यावर संताप उसळला, आणि त्या संतापाला कायद्याच्या रस्त्याने नेण्याऐवजी देवाच्या पायरीवर नेऊन बांधले गेले.

अशी शपथ बांधते का, हा खरा धार्मिक प्रश्न आहे. आपल्या परंपरेने तो टाळलेला नाही. महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. ‘तुझे गांडीव दुसऱ्याला दे’ असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करायचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात त्राग्याने नेमके तेच बोलून बसतो आणि अर्जुन भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. सत्यच बोलायचे व्रत घेतलेल्या या कौशिकाने जीव वाचवायला रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. धारण करतो तो धर्म; ज्या प्रतिज्ञेने माणसे मरतात ती पाळण्यात पुण्य नाही, असे कृष्णाचे सांगणे. ज्या परंपरेत कुरुक्षेत्राच्या ऐन रणातही प्रतिज्ञेला विवेकाची कसोटी लावली गेली, त्या परंपरेतल्या माणसाला ‘देवाची आण घेतलीस, आता विचार करू नकोस’ असे सांगणे हा त्या परंपरेचाच अपमान आहे.

मत हीदेखील विवेकाची गोष्ट आहे. ते गुप्त ठेवले आहे ते एवढ्यासाठी की पाटील, सावकार, नवरा, बाप, गुरू यांपैकी कोणीही त्या पडद्याआड येऊ नये. पडद्यामागे मतदार एकटा असतो. पण देवाची शपथ घालणारा नेता त्या पडद्याआडही शिरतो, कारण देव तर सगळीकडेच पाहतो. पैसे घेतलेला मतदार मनात म्हणू शकतो, पैसे तुझे, मत माझे. शपथ घेतलेल्याला तेवढीही मोकळीक उरत नाही. म्हणून मत विकत घेण्यापेक्षा मताला शपथ घालणे अधिक खोलवरचे आहे.

हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात भ्रष्ट आचारांची यादी आहे. मतदाराच्या मनावर दैवी कोपाची किंवा आध्यात्मिक दंडाची भीती घालणे हा ‘गैरवाजवी प्रभाव’ आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढच्याच पोटकलमात धर्म, वंश, जात, भाषा यांच्या नावाने मते मागण्याला मनाई आहे. महाराष्ट्राने या कलमाचा बडगा पाहिलेलाही आहे. डिसेंबर १९८७ मधली विलेपार्ल्याची पोटनिवडणूक शिवसेनेच्या पाठिंब्याने डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली. प्रचारसभांत बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदू धर्माच्या नावाने मते मागितल्याचे सिद्ध झाले, १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. प्रभूंची आमदारकी गेली, ठाकऱ्यांचा मताधिकार सहा वर्षे गोठला. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने मनोहर जोशी यांची दादरची निवडणूक मात्र वैध ठरवली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांचे वाक्य न्यायालयाला मते मागणे वाटले नाही, केवळ आशा वाटली. लोकांनी दुसऱ्या निकालाचाच धडा घेतला. काय बोलले म्हणजे पकडले जात नाही, हे सगळ्या पक्षांना कळले.

सांगली जिल्ह्याने याची किंमत २००९ मध्ये मोजली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २३ ऑगस्टला होती. ३१ ऑगस्टला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. मिरजेत विसर्जन मार्गावर भव्य स्वागत कमानी उभारण्याची जुनी हौस आहे. अशा एका कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून २ सप्टेंबरला वाद पेटला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचले. अनंत चतुर्दशी उलटली तरी मंडपांत गणपती तसेच बसून राहिले. राज्याचे गृहमंत्री तेव्हा जयंत पाटील होते, म्हणजे याच जिल्ह्याचे. १३ ऑक्टोबरला मतदान झाले आणि मिरज, सांगली, इचलकरंजी या तिन्ही जागा भाजपने जिंकल्या. तिन्हींकडे आधी दुसरे आमदार होते. या निकालाला दंगल हे एकच कारण नव्हते. मिरज त्या वेळी नव्याने राखीव झाले होते, मतदारसंघांची फेररचना झाली होती, काँग्रेसवाल्यांत आपसांत पाडापाडी होती. पण दंगलीची चित्रे घेऊन प्रचार फिरला, आणि मतदार केंद्रावर गेला तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी, वीज, बेदाण्याचा भाव यांच्या जागी शेजारच्या गल्लीची भीती होती.

ज्या चित्रावरून हे घडले, त्याचा इतिहास तरी काय सांगतो? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी विजापूरच्या सरदाराची आणि स्वराज्य उभारणाऱ्या राजाची गाठ पडली. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता आणि महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. ती लढाई सत्तेची होती, राज्याची होती. तिला गल्लीतल्या शेजाऱ्याविरुद्धचे बोट बनवायला साडेतीनशे वर्षे आणि एक निवडणूक लागली.

आणि हे घडले ते मिरजेत. जिथे ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे चालते, आणि जिथल्या सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे कोरून, सुकवून, तारा जुळवून देशभरच्या वादकांची वाद्ये तयार होतात. या गावाला एकत्र राहणे कोणी भाषणातून शिकवलेले नव्हते. इतक्या जुन्या सवयीही काही दिवसांच्या भीतीपुढे टिकत नाहीत. मिरजेच्या दंगलीतले सगळ्यात काळजीचे ते हेच.

कडव्यांना चुचकारण्याचा खेळ एकाच बाजूने चालतो, असे मानणे मात्र खोटेपणाचे होईल. १९८५ साली एप्रिलमध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क मान्य करणारा शाहबानो खटल्याचा निकाल लागला. त्याच वर्षी मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सय्यदभाईंच्या पुढाकाराने कोल्हापूर ते नागपूर असा तलाक मुक्ती मोर्चा काढला. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाची माणसे मोजकीच होती. तोंडी तलाकने घराबाहेर पडलेल्या बायका मोर्चात होत्या. वाटेत त्यांना प्रखर विरोध झाला. त्यांनी सरकारकडे मागितले ते एवढेच की कोर्टाने दिलेले काढून घेऊ नका. सरकारने ऐकले ते मौलवींचे. १९८६ मध्ये कायदा करून निकालाचा पाया काढून घेतला गेला, आणि त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप उघडले. एका बाजूच्या कडव्यांना दिलेल्या वाट्याची भरपाई दुसऱ्या बाजूच्या कडव्यांना वाटा देऊन केली गेली. दोन्हीकडे गप्प बसवली गेली ती सुधारणेची भाषा बोलणारी माणसे.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचेही तेच झाले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी दीड तपाच्या आसपास पायपीट केली. मसुदे झाले, बदलले, कलमे गळाली. राज्यात सत्ता शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्यांची होती, तरी प्रत्येक अधिवेशनात विधेयक पुढे ढकलले जाई, कारण काही धार्मिक संघटना नाराज होतील आणि त्यांच्यामागे मते आहेत. विधेयकात देवावर किंवा वारीवर बंदी नव्हती; नरबळी, अघोरी उपचार, भोंदूगिरी यांना बंदी होती. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जे मंत्रिमंडळ इतकी वर्षे ‘वातावरण नाही’ म्हणत होते, त्याला चार दिवसांत वटहुकूम काढता आला. म्हणजे अडचण कायद्याची कधीच नव्हती. मे २०२४ मध्ये दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. इतक्या वर्षांच्या चालढकलीबद्दल मात्र कोणा मंत्र्याला जाब द्यावा लागला नाही.

मग नेत्याने देवाधर्माचे नावच घेऊ नये का? घ्यावे, असे उत्तर याच भागाने दिले आहे. पुढे तासगाव–कवठे महांकाळचे आमदार झालेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० च्या सुमारास त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले. नाव संताचे, प्रतीक त्याच्या खराट्याचे. गावे स्पर्धेत उतरली, गटारे उपसली गेली, उकिरडे हलले, तपासणी समित्या आल्या की म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे रस्त्यावर. गाडगेबाबांच्या नावात ताकद होती म्हणूनच हे घडले. ‘शासकीय स्वच्छता योजना’ म्हणून गाव हलले नसते. पण त्या खराट्याने कोणाला वगळले नाही. मशिदीसमोरचा रस्ता आणि मारुतीसमोरचा रस्ता एकाच गावाच्या गुणांत मोजला जाई. कोणी शपथ घातली नाही, कोप दाखवला नाही. आर. आर. पाटलांनाही अभियानाचा राजकीय फायदा झाला असेल, तर तो केलेल्या कामाचा झाला. संताचे नाव माणसाला कामाला लावते की भीतीला, हा फरक डोळ्यांना दिसतो. त्याला पांडित्य लागत नाही.

वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गेली चाळीसहून अधिक वर्षे गणपती मशिदीत बसतो. बकरी ईद याच काळात आली तेव्हा गावातल्या मुस्लिमांनी कुर्बानी न देता फक्त नमाज पढली. कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत उठतात, त्यांत हिंदू मानकऱ्यांचेही ताबूत असतात. असे ऐक्य कोणा पक्षाने घडवलेले नाही, म्हणून कोणा पक्षाला त्याची मतांत मोजदादही करता येत नाही. राजकारणाला त्यात रस नसण्याचे कारण तेच असावे.

रस कशात आहे, ते २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसले. जूनमध्ये सांगलीत पडळकरांनी धर्मांतर घडवणाऱ्या पाद्र्यांवर हात उचलणाऱ्यांना लाखोंची बक्षिसे बोलून दाखवली. जुलैमध्ये ख्रिस्ती समाज मुंबईत आझाद मैदानावर उतरला. धमकी देणारा लोकप्रतिनिधी विधानसभेत बसत राहिला. त्याच महिन्यात इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. मागणी संभाजी भिडे यांच्या शिवप्रतिष्ठानची जुनी होती. पाट्या बदलायला फारसा पैसा लागत नाही, म्हैसाळ सिंचन योजनेचे पाणी शेवटच्या बांधापर्यंत न्यायला लागतो. २०१९ मध्ये धाक देवाचा होता, २०२५ मध्ये धाक शेजारी राहणाऱ्या परधर्मीयाचा झाला. दोन्ही वेळा जिंकायचे होते ते मतच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये १२३ व्या कलमाचा अर्थ रुंद केला. सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की उमेदवाराचाच काय, मतदाराचा धर्म काढूनही मत मागता येणार नाही. तरी शपथा आणि धमक्या चालू राहिल्या, कारण कलमाला एक मोठे खिंडार आहे. भ्रष्ट आचार मोजला जातो तो माणूस रीतसर ‘उमेदवार’ झाल्यापासून, म्हणजे अर्ज भरल्यापासून. त्याआधीच्या मेळाव्यात, यात्रेत, मोर्चात काहीही बोला, निवडणूक याचिकेत ते बसत नाही. पूर्वी तसे नव्हते. आपण उभे राहणार असे ज्याने बोलण्या-वागण्यातून दाखवले, तो तेव्हापासून उमेदवार धरला जाई. ही व्याख्या १९७५ च्या ऑगस्टमध्ये, आणीबाणीत, पूर्वलक्षी प्रभावाने बदलली गेली. त्याआधी १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने जुन्या व्याख्येचाही आधार घेत इंदिरा गांधींची निवड रद्द केली होती. आणीबाणी उठली, तिच्याविरुद्ध लढलेले सत्तेवर आले, गेले, पुन्हा आले. जनता पक्ष, काँग्रेस, भाजप, सगळ्या सरकारांनी ती व्याख्या जशीच्या तशी ठेवली. ती पहिल्यासारखी करावी, आणि निकालानंतर याचिका करायला मतदाराला मिळणारी ४५ दिवसांची मुदत वाढवावी, एवढी मागणी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेनेही ठराव करून पुढच्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.